शेफील्डचे पाणी

आमच्या घरात एक सत्तूर आहे. सत्तूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम एखाद्या रहस्यकथेचे मुखपृष्ठ उभे राहते, याची मला कल्पना आहे. शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि येताना कुठे तरी बदनाम होऊन आला. वास्तविक ते बिचारे खाटकाचे आणि आचाऱ्याचे हत्यार. नऊ इंचांचे रुंद पाते, पाठीकडे जाड आणि धारेकडे उतरत गेलेले. वजन सव्वा किलो. वरच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगण्यासाठी एक भोक. मूठ लाकडी, हाताच्या घामाने आणि तेलाने काळी झालेली. हा सत्तूर आमच्या आजोबांचा. पुण्याच्या लष्करात, गोऱ्या सोल्जरांच्या बराकीत, भटारखान्यावर ते आचारी होते.

माझ्या लहानपणी रविवारी मटण आले की आजोबा माजघरात पाट टाकून बसत. समोर चिंचेचा ओंडका. चिंचेचे लाकूड चिवट. त्याचा भुसा मांसात उतरत नाही. मग भिंतीवरचा सत्तूर काढून ते अंगठ्याने धार बघत. धारेवरून नव्हे, धारेला आडवा अंगठा फिरवून. नळीचे हाड फोडताना त्यांचा हात कधी जोराने खाली आलेला मला आठवत नाही. "सत्तूर मारायचा नसतो रे, सोडायचा असतो," असे ते म्हणत. वजन आपले काम करते. माणसाने फक्त जागा दाखवायची. आणि हाडात अडकला तर पिळायचा नाही, सरळ वर घ्यायचा, नाही तर धारेचा तुकडा उडतो.

पण मला खरी मौज वाटे ती नंतरची. बाकीची भांडी मोरीत पडलेली असत, रस्स्याचा वास घरभर सुटलेला असे, आम्हां पोरांचा जीव पानाकडे लागलेला असे. आणि आजोबा मात्र सत्तुरापाशी. गरम पाण्याने धुवायचा, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचा, चुलीच्या ऊबेला क्षणभर धरायचा, पुन्हा पुसायचा, आणि मग बोटाच्या टोकावर मावेल एवढी चरबी दोन्ही अंगांना चोळायची. त्याशिवाय ते पानावर बसत नसत. पाते काळपट होते, भरून आलेल्या आभाळासारखे. मला ते मळकट वाटे. "आजोबा, हा घासून पांढरा का नाही करत?" असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "अरे, तो काळा आहे म्हणून लाल होत नाही."

पोलादाचे सारे रसायनशास्त्र त्या एका वाक्यात आहे, हे मला चाळीस वर्षांनी कळले. कांदा, लिंबू, कोकम, रक्त यांच्या संगतीने साध्या पोलादावर जो काळा-निळा थर चढतो तोही एका परीने गंजच. पण तो पात्याला घट्ट धरून बसतो आणि लाल गंजाला जागा देत नाही. लाल गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि सुटताना पोलाद खात जातो.

मुठीच्या वर, पात्यावर काही इंग्रजी अक्षरे कोरलेली होती आणि त्यांच्याखाली कावळ्याच्या पायासारखी तीन रेघांची एक खूण होती. शाळेत गुरुजींनी आम्हाला काकपद शिकवले. ओळीत एखादा शब्द राहून गेला की खाली काकपदाची खूण करून तो वर लिहायचा. मी घरी येऊन आजोबांना विचारले, "इथे काय राहून गेले आहे?" आजोबा हसले. "साहेबाला विचार," म्हणाले.

साहेब तर केव्हाच गेला होता. १९४७ च्या ऑगस्टपासून गोऱ्या पलटणी जहाजांत चढू लागल्या आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची पलटण मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियाखालून बाहेर पडली. त्या धांदलीच्या महिन्यांत आजोबांची नोकरी सुटली आणि सत्तूर घरी आला. कसा आला, याविषयी आमच्या घरात दोन मते होती. आत्या म्हणे, बराकीतल्या सामानाचा लिलाव झाला त्यात बाबांनी तो सव्वादोन रुपयांना घेतला; ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला सगळे लख्ख आठवते. माझे वडील काहीच म्हणत नसत. ते सरकारी कचेरीत कारकून होते. बाप गोऱ्यांच्या भटारखान्यात आचारी होता, ही गोष्ट त्यांनी कचेरीत कधी सांगितली नसावी. १९८५ साली आजोबा गेल्यावर त्यांनी सत्तूर मेणकापडात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि मटण दुकानातूनच तुकडे करून येऊ लागले. कॉलेजात असताना मी एकदा म्हटले, "तो सत्तूर खाली काढू या का?" वर्तमानपत्रातून डोके वर न काढता ते म्हणाले, "ती आपली वस्तू नाही."

आपली नाही म्हणजे काय? आपल्याला शोभणारी नाही, की आपल्या मालकीची नाही? मी विचारले नाही. आमच्या घरात वडिलांना दुसरा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यानंतरच्या दिवाळीच्या साफसफाईत मी माळ्यावर चढलो आणि ते गाठोडे सापडले. मेणकापड पाण्याला आत येऊ देत नाही हे खरे, पण आत असलेल्या ओलीला बाहेरही जाऊ देत नाही. पाते लाल झाले होते. मला भरून आले आणि त्या भरात मी जे करायचे ते केले नाही आणि नको ते केले. थोडे तेल, थोडी राख आणि चार संध्याकाळी एवढ्यावर काम भागले असते. मी तो पुण्यातल्या एका दुकानात नेऊन दिला आणि म्हटले, "नव्यासारखा करून द्या." दुकानदाराचा काही दोष नाही. त्याने सांगितले तेच केले. विजेच्या ग्राइंडरवर धरून त्याने दोन्ही अंगे घासली, धार लावली, वर पॉलिश मारले. सत्तूर घरी आला तो मांडवात निघालेल्या नवऱ्यामुलासारखा चकचकीत. धारेच्या कडेला एक मोरपिशी निळा पट्टा उमटला होता. आम्हां उभयतांना तो शोभिवंत वाटला.

पहिल्याच रविवारी नळीच्या हाडावर धार वळली. कागदाची कड दुमडावी तशी.

मराठीत पोलादाला 'पाणी देतात' आणि वाईट वागवले की त्याचे 'पाणी उतरते'. वर्गात हा वाक्प्रचार मी कितीदा समजावून सांगितला असेल! पोलाद लाल तापवून एकदम विझवले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळ. मग त्याला पुन्हा हलकेच तापवून थोडे नरमवायचे. साधारण सव्वादोनशे-अडीचशे अंशांवर गवतासारखा पिवळा रंग येतो, तीनशेच्या सुमारास निळा. कोरड्या ग्राइंडरवर पातळ धार क्षणात तिथवर तापते. तो शोभिवंत पट्टा म्हणजे पाणी उतरल्याची खूण होती. आणि दुसरी गोष्ट मला त्या रात्री दिव्याखाली दिसली. अक्षरेही गेली होती. कारखानदाराचे नाव साफ पुसले होते. 'कास्ट स्टील' हे शब्द अर्धेमुर्धे उरले होते, 'शेफील्ड'मधली पहिली चार इंग्रजी अक्षरे जाऊन नुसते 'फील्ड' राहिले होते, आणि त्याखाली तेवढे ते काकपद. खिशात मोबाइल असून, दुकानात देण्यापूर्वी एक फोटो काढून ठेवावा एवढे मला सुचले नव्हते.

माझा भाचा शेफील्डच्या विद्यापीठात शिकायला आहे. गेल्या मे महिन्यात, परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, मी ताईचे लाडू-चिवड्याचे डबे घेऊन त्याच्याकडे गेलो. निघण्यापूर्वी त्याचा फोन आला. "मामा, काहीही आणा, पण तो सत्तूर आणू नका. इथे योग्य कारणाशिवाय सुरा घेऊन रस्त्यावर हिंडणे गुन्हा आहे." मी म्हटले, माझ्याकडे कारण आहे. तो म्हणाला, "ते तुम्ही पोलिसाला समजावून सांगेपर्यंत माझी पदवी राहील." तेव्हा मी सत्तुरावर पातळ कागद ठेवला, शिसपेन्सिल आडवी घासून उरलेल्या अक्षरांचा ठसा उमटवला आणि तो कागद वहीत घालून नेला.

लंडनहून रेल्वेने दोन तासांत शेफील्ड येते. स्टेशनाबाहेर पडताच पोलादाची एक लांबच लांब वळणदार भिंत आहे, आणि तिच्या अंगावरून पाण्याचा पातळ पापुद्रा अखंड वाहत असतो. तिचे नावच 'कटिंग एज', म्हणजे धार. पोलाद आणि पाणी! मला वाटले, या गावाने स्वतःची ओळख फारच थोडक्यात सांगितली. गाव टेकड्यांवर पसरलेले, रस्ते चढउतारांचे, आणि पाऊस आपल्या श्रावणासारखा. येतो न येतो तोच जातो. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हेलिन अशा पाच नद्या. नद्या म्हणायच्या त्या आपल्याकडच्या ओढ्यांएवढ्या. जिच्यावरून गावाला नाव पडले ती शीफ तर स्टेशनाच्या खालून बोगद्यात वाहते. आपण तिच्यावर उभे राहून तिची चौकशी करतो.

या ओढ्यांनीच शेफील्ड केले. उताराचे पाणी अडवायचे, चाकावर सोडायचे, चाकाने घण आणि सहाणा फिरवायच्या. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका गोष्टीतल्या गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफील्डचा चाकू खोचला आहे, म्हणजे तेव्हाही हे नाव वाचकाला माहीत असले पाहिजे. १६२४ साली इथल्या सुरीकारांच्या संघाला पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. कारागीर कुणाच्या खुणेने काय विकतो यावर संघाची नजर असे.

पहिल्या दिवशी आम्ही शीफच्या काठी ॲबेडेलला गेलो. विळे-कोयत्यांच्या जातीची लांब दांड्याची गवत कापायची पाती इथे होत. कारखाना १९३३ साली बंद पडला. आता तो संग्रहालय म्हणून राखला आहे. तिथली मुशीची भट्टी बघण्यासारखी आहे. डॉनकास्टरचा बेंजामिन हंट्समन हा मूळचा घड्याळजी. घड्याळाच्या कमानींना एकजिनसी पोलाद मिळेना, म्हणून त्याने १७४० च्या सुमारास बंद मातीच्या मुशीत पोलाद वितळवून ओतण्याची रीत बसवली. 'कास्ट स्टील' ते हेच. मुशीची माती माणसे अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवीत, कारण एखादा खडा राहिला तर बुटाला कळत नाही, तळपायाला कळते. सुमारे सोळाशे अंशांवरची मूस भट्टीच्या भोकावर उभे राहून चिमट्याने वर ओढायची, आणि अंगाला काय, तर ओले गोणपाट!

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुशीतले पोलाद आपल्या दख्खनला आणि म्हैसूर भागाला कित्येक शतके आधीपासून ठाऊक होते. मुंबईत राहणाऱ्या हेलेनस स्कॉट नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्सकडे पाठवले आणि १७९५ साली तिथल्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला गेला. निबंधाच्या मथळ्यात हे पोलाद 'मुंबईस तयार होणारे' असे दडपून दिले आहे. मुंबईने दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का मारण्याची ही पहिली वेळ नसावी! भाच्याला मी हे मोठ्या अभिमानाने सांगितले. तो म्हणाला, "मामा, मग आजोबांचा सत्तूर शेफील्डहून का आणावा लागला?" हल्लीची मुले फार चोख प्रश्न विचारतात.

रविवारी आम्ही शेपर्ड व्हील पाहायला गेलो. हंटर्स बारपासून पोर्टर ओढ्याच्या कडेने बागेबागेतून वाट जाते. पाण्यात ठेवलेल्या दगडांवरून मुले उड्या मारीत होती, म्हातारी जोडपी कुत्री फिरवीत होती, झाडे इतकी हिरवी की छत्रीखालीही हिरवा उजेड. आणि अशा रम्य ठिकाणी एक बुटके दगडी घर, बाजूला सुमारे अठरा फूट व्यासाचे पाणचक्र. १५८४ सालच्या एका मृत्युपत्रात या जागेचा उल्लेख आहे. इथे पाती घडत नसत. घडलेली पाती इथे घासली जात.

चाक सुरू केले तेव्हा जमीन थरथरली. आत वालुकाश्माच्या मोठमोठ्या सहाणा रांगेने उभ्या. प्रत्येकीचा खालचा भाग पाण्याच्या द्रोणीत बुडालेला. सहाणेच्या मागे लाकडी घोडी. घासणारा तिच्यावर मांड टाकून बसे आणि दोन्ही कोपरांचा भार देऊन पाते दगडावर धरी. तिथे एक वृद्ध स्वयंसेवक माहिती सांगत होते. मी माझ्या निळ्या पट्ट्याची हकिगत सांगितली. त्यांनी ती डॉक्टर रोग्याची ऐकतो तशी मान हलवीत ऐकली आणि द्रोणीकडे बोट दाखवले. सहाण फिरते तेव्हा पाणी वर घेऊन येते आणि पोलाद गार राहते. धार गेली तर पाण्याअभावी जाते. मग त्यांनी विचारले, "निळे किती आत गेले आहे?" मी म्हटले, सूतभर असेल. आता सूतभर म्हणजे काय ते इंग्रजीत कसे सांगावे! मी चिमटीने दाखवले. "एवढेच ना? मग पाते मेलेले नाही. ओल्या दगडावर हाताने घासा. निळे संपेपर्यंत घासा. घाई केली तर पुन्हा निळे होईल."

मला हायसे वाटले. मी अगदी आनंदात त्या ओल्या सहाणेचे कौतुक करू लागलो. तेव्हा ते म्हणाले, "पण या खोलीत माणसे म्हातारी होत नसत."

वालुकाश्म झिजतो तो हवेत. त्याची आणि पोलादाची धूळ छातीत जाई. काटे आणि सुया कोरड्या दगडावर घासल्या जात, त्यांची दशा सर्वांत वाईट. एंगल्सने १८४५ साली इंग्लंडच्या कामकऱ्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात शेफील्डच्या नाईट नावाच्या डॉक्टरांचे आकडे आहेत. गावात अडीच हजार घासणारे; काटे घासणारे अठ्ठावीस ते बत्तीस वर्षांच्या दरम्यान मरत; वस्तरे घासणारे चाळीस ते पंचेचाळीस; आणि ओल्या दगडावर सुऱ्या घासणारे, म्हणजे सर्वांत सुदैवी, चाळीस ते पन्नास. त्यांच्यांतही अट्टल दारूडे जास्त जगत, कारण ते कामावर कमी येत. धूळ ओढून नेणारी युक्ती निघाली होती, पण ती कामगारांनीच काही ठिकाणी मोडून टाकली. धंदा निर्धोक झाला तर माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, ही भीती. मरणाच्या भीतीवर मजुरीची भीती मात करते, हे काही फक्त शेफील्डचे नाही.

शिवाय वेगात फिरणारी सहाण फुटे, आणि तिचा तुकडा समोरच्याला जाग्यावर मारी.

भाचा हळूच म्हणाला, "मामा, तुम्ही सेहेचाळीस ना?" मी काही बोललो नाही. माझ्या सत्तुराचे पाते याच चाकावर लागले असे मुळीच नाही. त्याच्या काळापर्यंत बहुतेक सहाणा गावात वाफेच्या यंत्रांवर फिरू लागल्या होत्या. पण कुणी तरी मांड टाकून, कोपरे रोवून, ती धार काढली होती. त्या माणसाचे नाव पात्यावर कधीच नव्हते. जे होते ते मालकाचे, आणि तेही मी पुसून घेतले.

तिसऱ्या दिवशी केलम आयलंड. डॉन नदीतून गिरणीसाठी काढलेल्या पाटामुळे तयार झालेले हे बेट. तिथे १९८२ पासून उद्योगांचे संग्रहालय आहे. त्यातच केन हॉली नावाच्या गृहस्थांचा संग्रह आहे. हे हॉली शेफील्डचे हत्यारविक्रेते. २०१४ साली वारले. कारखाने एकामागून एक बंद पडत होते त्या काळात दुसरे लोक भंगार म्हणत ते हे गृहस्थ गोळा करीत राहिले. करवती, कानशी, पटाशा, सुऱ्या, त्या कशा बनतात याच्या अर्धवट अवस्था, जुने कॅटलॉग. आपल्या तांबट आळीचे असे कुणी काही जमवले असते तर, असे मनात आले.

तिथे एका जाणत्या गृहस्थांपुढे मी माझा शिसपेन्सिलीचा कागद उलगडला. त्यांनी भिंग लावले. 'कास्ट स्टील' आणि 'फील्ड' यांवरून कारखाना सांगणे अशक्य, असे त्यांनी सरळ सांगितले. हेच शब्द गावातले कितीतरी लोक कोरीत. मग त्यांचे भिंग काकपदावर थांबले.

"हा बाण आहे," ते म्हणाले. "सरकारी बाण."

तीन रेघांचा हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. तोफांवर, तंबूंवर, बराकीतल्या सामानावर, इतकेच काय, एके काळी कैद्यांच्या कपड्यांवरही तो छापलेला असे. १८७५ च्या एका कायद्याने सरकारी मालावरची ही खूण लपवण्यासाठी पुसणे हा गुन्हा ठरवला होता. भाचा हसू दाबीत होता. मी विचारले, "मग सरकारने वस्तू विकली तर?"

"तर दुसरा बाण मारीत. पहिल्याच्या उलटा, टोकाला टोक लावून. दोन बाण समोरासमोर असले म्हणजे वस्तू रीतसर विकली गेली."

माझ्या कागदावर बाण एकच होता. त्याच्या टोकाच्या वर, जिथे दुसरा असायचा, तिथे कागद पांढरा स्वच्छ. पण तिथेच तर ग्राइंडर फिरले होते. मी ते सांगितले. त्या गृहस्थांनी भिंग खाली ठेवले. त्यांना परिस्थिती कळली असावी, कारण ते घाईघाईने म्हणाले की स्वयंपाकघरातल्या किरकोळ सामानावर दुसरा बाण मारायला कोण बसते? सैन्य देश सोडून चालले असताना तर नाहीच.

संध्याकाळी आम्ही नदीकाठी बसलो. भाच्याने सौभाग्यवतींसाठी एक स्टेनलेसची सुरी घेतली होती. तेही या गावचेच देणे. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून क्रोमियमचे प्रयोग करीत होता आणि हाती आले न गंजणारे पोलाद. तिला पुसावे लागत नाही, तेल लावावे लागत नाही, कुणी माळ्यावर तीस-पस्तीस वर्षे विसरले तरी ती तक्रार करीत नाही. आमच्या घरी ती रोज वापरात आहे आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

मी मात्र लहानपणी काढलेल्या त्या प्रश्नाशी अडून बसलो होतो. काकपदाच्या वर काय राहून गेले आहे? वडिलांना त्या बाणाचा अर्थ ठाऊक होता का? सरकारी कचेरीतला माणूस. सरकारी खूण त्यांना कळणार नाही असे होणे कठीण. दुसरा बाण तिथे असता तर ते 'आपली वस्तू नाही' म्हणाले असते का? की त्यांनी बाण कधी पाहिलाच नाही आणि त्यांना फक्त भटारखान्याची लाज वाटत होती? यातले कोणते बरे, तेही मला ठरवता येईना. आजोबा आयुष्यभर दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या हाताखाली सांभाळीत आले. ती पुसून, वाळवून, चरबी लावून ठेवायची ही सवय त्यांना लागली तीच मुळी ती आपली नव्हती म्हणून. उद्या सार्जंटाने बघितली तर लाल डाग दिसता कामा नये.

पुण्यास परत आल्यावर मी एक कुरुंदाचा दगड आणला. दर रविवारी सकाळी पंधरा-वीस मिनिटे, दगड पाण्यात भिजवून, एक अंग, मग दुसरे. पोलाद हाताला कोमट लागले की थांबायचे. पहिल्या महिन्यात काही फरक दिसेना. सौभाग्यवती म्हणाल्या, "या वेळात शंभर पेपर तपासून झाले असते." गणपतीच्या सुमारास निळा पट्टा संपला. धार मी मुद्दाम बोथट कोनाची ठेवली. सत्तुराला वस्तऱ्याची धार दिली तर ती हाडावर टिकत नाही. मुठीला जवसाचे तेल पाजले, कारण ते लाकडात मुरून सुकते. पात्याला खाण्याचे तेल लावू नये, ते चिकट होते. आजोबांची चरबी चालून जाई कारण सत्तूर दर आठवड्याला हातात असे. मी औषधाच्या दुकानातले बिनवासाचे लिक्विड पॅराफिन वापरतो. आणि गुंडाळून ठेवीत नाही. उघडा, भिंतीवर, खिळ्याला.

पहिल्यांदा मटण केले त्या दिवशी आत्याला बोलावले. ती आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. दिसते कमी, पण चव शाबूत आहे. नळी फुटली. धार वळली नाही. चकचकीत पात्यावर कांद्याचा पहिला करडा डाग पडला होता, तो मी घासून काढला नाही.

मी सत्तूर धुऊन पुसला आणि तिच्या हातात देऊन विचारले, "आत्या, यावर कावळ्याचा पाय एक होता की दोन?"

तिने अंगठा पात्यावरून फिरवला. आडवा, आजोबांसारखा. बाणावर तो क्षणभर थांबला, मग त्याच्या टोकापलीकडे गेला. तिथे एक बारीक खळगा आहे. गंजाचा असेल, दुसऱ्या बाणाच्या टोकाचा असेल; मी भिंग लावून पुष्कळदा पाहिला आहे.

"बाबांनी आणला तेव्हा रात्र होती," ती म्हणाली. "धोतरात गुंडाळून आणला होता."

"लिलावातून?"

"तर! सव्वादोन रुपयांना. सांगितले ना तुला." आणि मग पाते गालाजवळ नेऊन ती म्हणाली, "अरे, मुठीपाशी ओल राहिली आहे. नीट पूस."

मी फडके आणायला उठलो.